पुराच्या खेळातली आजी आणि जवान

पावसाळ्याआधी आमच्या गटानं पुरातून सुटकेचा खेळ बसवला. संवाद लिहिलेले नव्हते. जिनं जे सोंग घेतलं, तिनं तसं बोलायचं. पहिल्या दिवशी जवान नुसता ओरडत होता, गावकरी नुसते रडत होते. खरं काही वाटेना.

मग आम्ही २०१९ चा पूर आठवला. कृष्णाकाठची कितीतरी माणसं घर सोडत नव्हती. २००५ ला पाणी जिथवर आलं, तिथवरच येईल असं त्यांना वाटलं. शिवाय गोठ्यात जनावरं. म्हणून आमची आजी आता रडत नाही. म्हणते, "म्हशीचं दावं सोडल्याशिवाय मी हलायची नाही."

जवानही माणूसच. दोन रात्री झोप नाही, मराठी येत नाही. पाण्याखाली विहीर कुठं आहे, ते आजीला ठाऊक. बोटीत किती माणसं चालतात, ते जवानाला ठाऊक. दोघांना एकमेकांची गरज लागली, तेव्हा खेळात जीव आला.

एक नियम पाळा. दुसरीच्या सोंगानं काय करायचं, ते आपण ठरवायचं नाही. "आजी बोटीत बसली" असं जवानानं सांगून टाकायचं नाही, तिला पटवायचं.

८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली. बोटीत माणसं जास्त होती; बायका-पोरं गेली. म्हणून आमच्या खेळात कुणीतरी म्हणतं, "तुम्ही जा, मी पुढच्या फेरीला येते." हे म्हणणं सगळ्यांत अवघड. तुमच्या गटात एकदा म्हणून बघा.