पाटीवरचा आकडा, पदकावरचे नाव

आपापल्या पेट्या जिवापाड सांभाळत आलेले संग्राहक मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत करतो. युद्धकाळातील पदके, पत्रे, नकाशे, पगारपुस्तिका जमवणाऱ्यांचे संमेलन साताऱ्यात भरावे, याचा आम्हा जिल्हावासीयांना फार आनंद आहे. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली याच शहरात सुरू झाली. जवळच अपशिंगे आहे. त्याला सारा जिल्हा ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतो. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जवान परत आले नाहीत.

त्या युद्धानंतर इंग्रज सरकारने अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसवल्या. चावडीच्या भिंतीत, शाळेच्या ओट्यावर, वेशीपाशी अजूनही त्या दिसतात. काही चुन्याच्या थरांखाली गेल्या आहेत. या गावातून इतके लोक महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले, एवढाच मजकूर. बहुतेक पाट्यांवर नाव एकाचेही नाही. मग ती नावे आहेत कुठे? मित्रहो, त्यांतली पुष्कळशी आपल्या पेट्यांत आहेत.

पहिल्या महायुद्धाचे ब्रिटिश वॉर मेडल हातात घेऊन त्याची कड उजेडाला धरा. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथे उमटवलेली असते. 1914-15 च्या ताऱ्यावर हीच माहिती पाठीमागे असते. इंग्रज कारकुनाने आडनावाची मोडतोड केलेली असेल, पण क्रमांक आणि पलटण यांवरून माणूस शोधता येतो. कडेवर 103वी, 110वी किंवा 117वी मराठा पलटण दिसली, की कुत-अल-अमाराची आठवण झालीच पाहिजे. सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर या पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. डिसेंबर 1915 पासून कुतला वेढा पडला. अन्न संपत आले, घोड्यांचे मांस शिजू लागले. ते खाणे धर्माला धरून नाही म्हणून आपले कितीतरी शिपाई उपाशी राहिले. 29 एप्रिल 1916 रोजी शरणागती झाली आणि पुढच्या कैदेत, उन्हातल्या पायपिटीत असंख्य माणसे गेली. घरी पुढे पोचला तो हा बिल्ला.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे. मजूर तुकड्यांतल्या पुष्कळांना मात्र तेच पदक काशाचे मिळाले. युद्ध एक, राजाचा मुखवटा एक, पण ओझी वाहणाऱ्याला धातू हलका. म्हणून काशाचे पदक हाती आले तर ते कमी मोलाचे समजू नका. मी तर ते आधी जपायला सांगेन. चांदीच्या पदकांवर वेगळेच संकट आले. दुष्काळात, लग्नकार्यात, दवाखान्यासाठी ती सराफाकडे मोडीत गेली. त्या घरांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपण पैसे मोजून, सुस्थितीत असताना एकाच सैनिकाच्या पदकांचा जोड तोडतो, त्याचा मात्र जाब आपल्यालाच द्यावा लागेल.

हे मला कळकळीने सांगायचे आहे. एका सैनिकाची तीन पदके एकत्र येतात आणि बाजारात तीन गिऱ्हाइकांकडे जातात. मृतांच्या घरी पाठवलेल्या काशाच्या मोठ्या चकतीचे तर याहून वाईट होते. सुमारे 12 सेंटिमीटर व्यासाच्या अशा साडेतेरा लाखांच्या आसपास चकत्या काढल्या गेल्या. मरणात सगळे सारखे, म्हणून तिच्यावर हुद्दा घातला नाही. क्रमांक नाही, पलटणही नाही. फक्त नाव. सोबतचा कागद वेगळा विकला गेला, की या जिल्ह्यातल्या एकाच नावाच्या अनेक शिंदे-जाधवांपैकी हा कोण, हे सांगणे जवळजवळ अशक्य होते. टपालसंग्राहकांनाही माझी हीच विनवणी आहे. ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरे छापलेले पंचम जॉर्जचे तिकीट कापून घेऊन पाकीट टाकू नका. त्या पाकिटावरच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावरून तुकडी कुठे होती ते उलगडते. आत पत्र असेल, तर ते तिकिटाच्या हजारपट मोलाचे.

नाव टिकले तर काय होते, याचे उदाहरण शेजारच्या रायगड जिल्ह्यात आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. 2023 साली तिथल्या माँतोने गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. व्हिक्टोरिया क्रॉस न मिळालेल्या हजारोंसाठी इटलीतून कोणी येणार नाही. ते काम आपले आहे.

दोन गोष्टी नियमाच्या. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत. बंदूक, तलवार, संगीन यांना शस्त्र कायदा लागू आहे, म्हणून आपल्या प्रदर्शनात शस्त्रे ठेवलेली नाहीत. शेतात, माळ्यावर जुने काडतूस किंवा गोळा सापडला तर हात न लावता पोलिसांना कळवा. आणि हो, पदके चिंचेने लख्ख घासू नका. घासता घासता कडेवरची अक्षरे जातात.

1965 आणि 1971 च्या युद्धांतले जवान आज आपल्यात बसले आहेत. 1971 ची ‘पूर्वी स्टार’, ‘पश्चिमी स्टार’ ही पदके छातीवर लावून त्यांतले काही आले आहेत. त्यांच्या वस्तू मागण्याआधी त्यांच्याशेजारी बसा, आठवणी विचारा, त्या लिहून घ्या.

निवासात, भोजनात काही उणे राहिले तर हक्काने सांगा. कंदी पेढ्यांची कमतरता पडणार नाही, याची हमी देतो. प्रदर्शनाच्या दाराशी आम्ही एक मोठी नोंदवही ठेवली आहे. आपल्या संग्रहातल्या प्रत्येक पदकाच्या कडेवरचे नाव, क्रमांक, पलटण आणि माहीत असल्यास गाव तिच्यात लिहावे. वस्तू आपलीच राहील. नोंदीची प्रत आम्ही त्या त्या ग्रामपंचायतीला पाठवू, म्हणजे पाटीवरच्या आकड्याखाली गावाला नावे लिहिता येतील. जेवणाला जाण्याआधी प्रत्येकाने निदान एक नाव नोंदवावे, एवढी विनंती करतो.