मुक्या जिवाचा कौल

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत एका निवृत्त पशुवैद्यांनी अहमदाबाद येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत साहित्य, संगीत आणि इतिहास यांवर जाणकारांची भाषणे होऊन गेल्यावर एका पशुवैद्याला बोलावण्याचे धाडस कार्यकारिणीने केले, याबद्दल प्रथम तिचे आभार मानतो. माझा जन्म गेला गोठ्यात. व्यासपीठाची सवय नाही. बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय मीच निवडला आहे. नोकरीत होतो तोवर गाईम्हशी पाहिल्या. पण निवृत्तीनंतर आपल्या मंडळातल्या घराघरांतून मला जी बोलावणी येतात, ती बहुधा कुत्र्यामांजरांसाठी. त्यांतली काही बोलावणी औषधासाठी नसतात. दार उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावरूनच ते कळते. आतल्या खोलीत जुन्या लुगड्याच्या घडीवर एखादे म्हातारे मांजर पडलेले असते, आणि घरातले कोणीतरी खालच्या आवाजात विचारते, "डॉक्टर, हिचे हाल बघवत नाहीत. इंजेक्शन द्यायचे का?" या प्रश्नाविषयी आज बोलणार आहे.

आपल्या आजोबांना हा प्रश्न पडत नसे. गावाकडचे मांजर वाड्याचे असे, शेजारचे असे, गल्लीचेही असे. एक दिवस ते दिसेनासे होई आणि चार दिवसांनी मुले त्याला विसरत. आज आपण चौथ्या मजल्यावर राहतो. मांजर लसी टोचून घेते, वेळेवर जेवते आणि पंधरा-सोळा वर्षे जगते. आयुष्य वाढले तशी म्हातारपणाची दुखणीही आली. मूत्रपिंडे निकामी होतात, गाठी होतात, सांधे धरतात. शिवाय परमुलखात राहणाऱ्या आपल्या पुष्कळ घरांत निर्णयाचा भार उचलायला वडीलधारे माणूस जवळ नसते. ज्या घरांत असते, तिथे एक जुनी भीतीही असते. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. त्या समजुतीला हसू नये. घरातल्या अन्नावर वाढलेला जीव सहजासहजी मारता येऊ नये, एवढी तजवीज आपल्या पूर्वजांनी तीत करून ठेवली होती.

हाच प्रश्न एकदा आपल्या याच शहरात, साबरमतीच्या काठावर उभा राहिला आणि त्याने सारा गुजरात ढवळून काढला. १९२८ सालची गोष्ट. काकासाहेब कालेलकर, पंडित नारायण मोरेश्वर खरे अशा मराठी मंडळींनी ज्या सत्याग्रहाश्रमात आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली, त्या आश्रमातले एक वासरू जायबंदी होऊन पडले. गुरांच्या डॉक्टरांनी आशा सोडली. कूस बदलायची म्हटली तरी त्याला असह्य वेदना होत. गांधीजींनी सहकाऱ्यांशी आणि शेजाऱ्यांशी विचारविनिमय केला. जो जीव आपण देऊ शकत नाही तो घेण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे एका शेजाऱ्याचे म्हणणे पडले. अखेर गांधीजींनी डॉक्टरकडून विषाचे इंजेक्शन देववले आणि दोन मिनिटांच्या आत सारे आटोपले.

जैन आणि वैष्णव परंपरांच्या या नगरीत अहिंसेच्या पुजाऱ्याने वासरू मारावे! टीकेचा आणि संतप्त पत्रांचा वर्षाव झाला. गांधीजींनी 'नवजीवन'मध्ये आणि 'यंग इंडिया'मध्ये आपली बाजू मांडली. त्या लेखाचा दुसरा भाग माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. त्या काळात माकडे आश्रमातल्या फळझाडांची आणि पिकांची नासाडी करीत होती. त्यांना मारावे काय, हाही प्रश्न गांधीजींनी तिथेच घेतला आणि सरळ कबूल केले की माकडांना मारणे ही हिंसाच ठरेल, कारण त्यात आपला स्वार्थ आहे. वासराच्या मरणात स्वार्थ नव्हता. वासरू काय आणि माकड काय, मरण सारखेच; फरक मारणाऱ्याच्या हेतूत आहे.

पुढच्या चर्चेत त्यांनी चार अटी सांगितल्या. रोग असाध्य असावा. संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी. कोणतीही मदत वा सेवा पोहोचू शकणार नाही अशी अवस्था असावी. आणि त्या जिवाला आपली इच्छा व्यक्त करणे अशक्य असावे. यांतली एक अट जरी अपुरी राहिली तरी प्राण घेणे अहिंसेत बसत नाही, असे त्यांचे मत होते. गांधीजींची सगळीच मते पटली पाहिजेत असे नाही. पण मांजराच्या उशाशी बसलेल्या माणसाला या चार अटींइतका उपयोगी सल्ला मला दुसरीकडे सापडलेला नाही.

तिसऱ्या अटीपाशी आपण फार घाई करतो. म्हाताऱ्या मांजराने खाणे सोडले की 'आता संपले' असे घरचे ठरवून टाकतात. पुष्कळदा एखादा किडलेला दात दुखत असतो. तो काढला की तेच मांजर पुन्हा स्वयंपाकघरात ओट्याखाली येऊन बसते. मूत्रपिंडाच्या विकारात कातडीखाली सलाईन देऊन कित्येक महिने बरे जातात. मळमळ थांबवण्याची, भूक वाढवण्याची, वेदना कमी करण्याची औषधे आहेत. मात्र ती पशुवैद्याने दिलेलीच हवीत. घरातली पॅरासिटामॉलची गोळी प्रेमापोटीसुद्धा मांजराला देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती जाते आणि एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. सेवेचे सारे मार्ग चाचपल्यावाचून इंजेक्शनचा विचार करू नये.

चौथी अट इच्छेची. माणूस आपली इच्छा आधी लिहून ठेवू शकतो. अशा इच्छापत्राला सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्यता दिली. मांजर काय लिहिणार? ते तर वेदना लपवते. मांजर शिकारी खरे, पण लहान चणीचे. दुखणे उघडे केले तर दुसऱ्याचे भक्ष्य होण्याचे भय त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे ते ओरडत नाही. कपाटामागे जाऊन बसते. अंग चाटून साफ करणे सोडते, केस गुंतून राठ होतात. घुरघुरते म्हणजे सुखात आहे असेही समजू नये; वेदनेतही मांजर घुरघुरते. चेहरा पाहावा. कान बाजूला पडलेले, डोळे अर्धे मिटलेले, तोंडाभोवतीचे स्नायू ताणलेले, मिशा ताठ, मान खांद्यांच्या खाली. कॅनडातील मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी या पाच खुणांवरून मांजराची वेदना मोजण्याची पद्धत २०१९ साली प्रसिद्ध केली.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ साली एक मोजपट्टी दिली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस अधिक आहेत का, अशा सात बाबींना प्रत्येकी दहापैकी गुण द्यायचे. सत्तरपैकी पस्तिसाच्या वर बेरीज असेल तर जगणे सुसह्य मानायचे. प्रेमाला गुण कसे द्यायचे, असे कोणी विचारील. पण रोज पाहणाऱ्याच्या डोळ्यांना रोजची घसरण दिसत नाही. कागदावर ती दिसते.

आपल्यातल्याच एका घराची हकिगत त्यांच्या परवानगीने, नाव न घेता सांगतो. त्यांची मनी सतरा वर्षांची. आठ महिने सूनबाई तिला कातडीखाली सलाईन देत होत्या. मग मनी खाईना, मागचे पाय ओढू लागली. वडिलांचे म्हणणे, मुलीची बारावीची परीक्षा होईपर्यंत थांबू. सूनबाई थकल्या होत्या; पण 'मी थकले' हे बोलून दाखवायची त्यांना लाज वाटत होती. ऐंशीच्या घरातल्या आजी म्हणाल्या, "डॉक्टर, जो आपण दिला नाही तो जीव न्यायचा कोणी?" साबरमतीकाठच्या शेजाऱ्याचेच हे शब्द, आजींना तो वाद ठाऊकही नव्हता. कोणाचेही म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. पण नीट पाहिले तर प्रत्येकाच्या म्हणण्यात मनीपेक्षा स्वतःचा वाटा अधिक होता. एकाला परीक्षेची काळजी, दुसरीला दमणूक, तिसरीला पापाचे भय.

मी म्हटले, निर्णय आज नको. भिंतीवर कालनिर्णय आहे. दिवस चांगला गेला तर तारखेवर टिंब, वाईट गेला तर फुली. हे काम आजींनी करावे, कारण दिवसभर मनीजवळ त्याच असतात. आजींनी ते मान्य केले. तीन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा शेवटच्या नऊ दिवसांत आठ फुल्या होत्या. आजींनी कालनिर्णय खाली काढून माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाल्या, "मी हो म्हणणार नाही. पण यातली एकही खूण मी खोटी केलेली नाही."

कोकणात देवाला कौल लावतात. मला वाटले, हा मुक्या जिवाचा कौल होता आणि त्याविरुद्ध असलेल्या माणसाने तो प्रामाणिकपणे लिहून घेतला होता. मुलीला त्याच रात्री खरे सांगितले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींच्या सांगण्यावरून सारे घरीच झाले, त्यांच्या मांडीवर. आजींनी त्या दिवशी उपास केला. त्यांचे मत बदलले असे मी म्हणणार नाही. सूनबाईंना त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही, एवढे मात्र मी पाहिले.

आता स्वार्थाबद्दल थोडे स्पष्ट बोलतो. प्रवासाला जायचे आहे, गाद्या खराब होतात, खर्च परवडत नाही, म्हणून चालतेबोलते मांजर संपवणे हा स्वार्थ आहे, हे कोणीही मान्य करील. पण निरोप देववत नाही, किंवा आपले हात स्वच्छ राहावेत, म्हणून तडफडणाऱ्या जिवाला आणखी पंधरा दिवस ठेवणे हाही स्वार्थच, आणि तो ओळखायला कठीण, कारण तो प्रेमाचे किंवा धर्माचे वस्त्र नेसून येतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत केलेल्या प्रयत्नांतून पुढे १९६० साली प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. त्याच्या तेराव्या कलमात, एखाद्या जनावराला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरू शकते, हे गृहीत धरले आहे. जगवणे म्हणजे दया आणि मरण देणे म्हणजे क्रौर्य, अशी सरळ वाटणी कायद्यानेही केलेली नाही.

प्रत्यक्षात काय होते, हे माहीत नसल्याने पुष्कळजण भितात. प्रथम गुंगीचे इंजेक्शन देतात. मांजर शांत झाले की भुलीच्या औषधाची मोठी मात्रा शिरेतून देतात. काही क्षणांत शुद्ध हरपते आणि काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास आल्यासारखा वाटतो, स्नायू थरथरतो. ती वेदना नव्हे. देह खोल पुरावा, उघड्यावर टाकू नये. औषधाचा अंश त्यात राहतो आणि तो खाणाऱ्या पशुपक्ष्यांना बाधतो.

मुलांना 'मनी गावाला गेली' असे सांगू नका. आपली मुले आजीआजोबांपासून दूर वाढतात. मरण त्यांना दूरध्वनीवरून कळते. घरातले मांजर हे पुष्कळांनी पाहिलेले पहिले मरण असते. त्यात खोटेपणा शिरला तर पुढच्या प्रत्येक दुःखात ती आपल्या शब्दावर शंका घेतील. आणि त्यांना रडू द्या. 'एका मांजरासाठी काय रडायचे' हे वाक्य आपल्या घरांतून हद्दपार व्हावे. तहानलेल्या गाढवाला गंगोदक पाजणाऱ्या नाथांची गोष्ट आपण मुलांना सांगतो ना? मग त्या गोष्टीने त्यांचे मन हळवे झाले तर तक्रार का करावी?

शेवटी एक विनंती. घरात म्हातारे जनावर असेल तर ही चर्चा त्याच्या शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. ते धडपणे हिंडतेफिरते आहे तोवरच पशुवैद्याला दाखवा, घरातल्या सर्वांना एकत्र बसवा, त्याला कशात आनंद वाटतो ते लिहून ठेवा आणि कालनिर्णयावर टिंबे-फुल्यांचा हिशेब आजपासूनच सुरू करा. ज्या दिवशी प्रश्न विचारायची वेळ येईल, त्या दिवशी उत्तर त्या मुक्या जिवाने बरेचसे दिलेले असेल.