मंचावर येण्यासाठी परवानगी कुणाची?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून संविधान, शिक्षण, शिष्यवृत्ती अशी भारदस्त सत्रं झाली. जेवणानंतरचं सत्र मला दिलंय, म्हणजे तुम्हाला जागं ठेवायची जबाबदारी माझी. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर प्रोग्राममधल्या चुका शोधतो आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच निघतात. आज मी विनोदावर बोलणार आहे, आणि माझ्या एका चुकीवरही.

काही वर्षांपूर्वी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी स्कॉटलंडमध्ये, एडिंबराला पाठवलं. ऑगस्ट महिना होता. ऑफिसमधून बाहेर पडलो की रस्त्यावर दहा-दहा जण हातात कागद कोंबायचे, 'आमचा शो बघा, आमचा शो बघा.' आपल्याकडे क्लासवाले दहावीच्या परीक्षा केंद्राबाहेर उभे असतात ना, तसंच. हा तिथला फ्रिंज महोत्सव.

त्याची सुरुवात ऐकण्यासारखी आहे. १९४७ साली, महायुद्ध संपल्यावर, एडिंबरामध्ये पहिला आंतरराष्ट्रीय कला महोत्सव भरला. नामवंतांना निमंत्रणं गेली. ज्यांना निमंत्रण नव्हतं अशा आठ नाटकमंडळ्या तरीही आल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग केले. पुढच्या वर्षी रॉबर्ट केम्प नावाच्या पत्रकाराने या बिनबुलाये मंडळींबद्दल लिहिताना 'फ्रिंज' हा शब्द वापरला. फ्रिंज म्हणजे दुपट्ट्याच्या काठाची झालर. नाव चिकटलं. पुढे या मंडळींची संस्था झाली आणि तिने एक तत्त्व धरून ठेवलं: कोण मंचावर येईल हे संस्था ठरवणार नाही. नोंदणीची फी भरा, जागा शोधा, शो करा. आज त्या एका महिन्यात तीन हजारांहून जास्त कार्यक्रम होतात. दारूच्या गुत्त्यांची तळघरं, कॉलेजचे वर्ग, चर्चचे हॉल, सगळं नाट्यगृह होतं.

याच महोत्सवात एक प्रकार आहे, मध्यरात्रीच्या विनोदी मैफलीचा. अमेरिकेत १९५४ साली 'द टुनाइट शो' टीव्हीवर सुरू झाला, तो साचा तुम्ही यूट्यूबवर पाहिला असेल: एक सूत्रधार, एक टेबल, बाजूला वाद्यवृंद, एकामागून एक पाहुणे. फ्रिंजमध्ये हेच जिवंत प्रेक्षकांपुढे होतं. कॅरेन कोरेन यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'गिल्डेड बलून'चा 'लेट अँड लाइव्ह' हा त्यातला सर्वांत गाजलेला. रात्री उशिरा सुरू होणारा, आणि प्रेक्षक कलाकाराला सोलून काढतात म्हणून प्रसिद्ध.

ऑफिसमधला एक सहकारी मला याच धर्तीच्या एका छोट्या शोला घेऊन गेला. तळघर, साठेक खुर्च्या, एक कीबोर्डवाला, एक ड्रमवाला, आणि जुन्या शाळेतून उचलून आणल्यासारखं टेबल. आम्ही उशिरा पोचलो, म्हणून पहिल्या रांगेत बसावं लागलं. तिथे पहिल्या रांगेत बसणं म्हणजे बकरी ईदच्या आदल्या दिवशी बकऱ्यांच्या बाजारात बकऱ्याने फिरायला जाणं.

सूत्रधाराने मला नाव विचारलं. मी सांगितलं. खोलीत अर्धा क्षण शांतता. तुम्हाला ती शांतता माहीत आहे. घर भाड्याने बघायला गेल्यावर आपण नाव सांगतो, तेव्हा पडते तीच. मग त्याने विचारलं, काम काय करतोस? म्हटलं, सॉफ्टवेअर. तो दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "आता मला खरी भीती वाटली." सगळे हसले, मीही हसलो. ती शांतता त्याने ऐकली होती. ती ऐकूच आली नाही असं त्याने दाखवलं नाही आणि माझ्या नावावर हात घालून स्वस्तात टाळ्याही घेतल्या नाहीत.

इंजिनिअर असल्यामुळे मी मग शोची रचना बघायला लागलो. प्रत्येकाला आठ-दहा मिनिटं. शेवटचं मिनिट उरलं की मागून एक छोटा दिवा चमकतो. पहिला आणि शेवटचा कलाकार मुरलेला, नवखे मधल्या जागी. नवखा पडला तर सूत्रधार येऊन खोली पुन्हा उचलतो. प्रेक्षकांतून कुणी ओरडलं तर त्याला बाहेर काढत नाहीत, मंचावरून उत्तर देतात. दुसऱ्यांना ऐकूच येईना तरच हाकलतात.

मधल्या जागी एक मुलगी आली. स्कार्फ बांधलेली, विशीतली. स्वतःच्या आईवर, मशिदीच्या पार्किंगवर, नातेवाइकांच्या चौकशांवर बोलली. पहिले दोन विनोद पडले. साफ पडले. तिसऱ्यावर थोडं हसू आलं, पाचव्यावर खोली हसली. ती उतरली तेव्हा टाळ्या वाजल्या आणि सूत्रधाराने पुढचं नाव पुकारलं. बस, एवढंच. कुणी विचारलं नाही की तुला समाजाच्या वतीने बोलायचा अधिकार कुणी दिला. तिचा वाईट विनोद शांततेने मेला, चांगला हशाने जगला.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण मला माझी चुलतबहीण आठवली.

आम्ही सोलापूरचे. ती तेव्हा बारावीला होती आणि घरात नकला करायची. एकदा तिने मोबाइलवर दोन मिनिटांचा व्हिडिओ केला आणि आमच्या खानदानाच्या ग्रुपवर टाकला. विषय होता मेहर. मंडप लाखाचा, बिर्याणी दोन लाखांची, आणि मेहर पाचशे एक रुपये, तीही उधार. मग शेवटी फुफांचा जनाजा उठतोय आणि बायका फुफीला विचारतायत, "मेहर माफ केली ना?" फुफी म्हणते, "आधी त्यांना उठून हिशोब तर दाखवू दे."

मी वाचून नाही, बघून हसलो होतो. पोट दुखेपर्यंत. आणि मग तासाभरात, जेव्हा ग्रुपवर 'बेशरम', 'दीन का मजाक' सुरू झालं, तेव्हा मीच तिला फोन करून सांगितलं, काढून टाक. मी, शिकलेला भाऊ. ती एवढंच म्हणाली, "भाई, मैं तो अपनेच घर का बोली ना?" मी म्हटलं, बाहेरच्यांच्या हातात पडलं तर? कौम बदनाम होईल. तिने काढून टाकलं. त्यानंतर घरात नकला बंद झाल्या.

आता माझं म्हणणं मांडतो. आपल्या मुलामुलींना मंचावर दोन भीतींमधून जावं लागतं. एक बाहेरची, आणि ती खोटी नाही. मुनव्वर फारुकी हा डोंगरीचा कलाकार. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये कार्यक्रमाच्या ठिकाणाहून त्याला अटक झाली. ५ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला, तोवर महिन्याहून जास्त काळ तो आत होता. या भीतीशी लढायला वकील लागतात, न्यायालय लागतं, आपल्यासारख्या चळवळी लागतात.

दुसरी भीती घरातली आहे. तिच्यासाठी पोलीस लागत नाहीत. एक फोन पुरतो, आणि तो बहुतेकदा प्रेम करणाऱ्या माणसाचा असतो. मी केला तसा. आणि गंमत बघा, माझ्या बहिणीच्या विनोदात दीनची थट्टा कुठेच नव्हती. मेहर हा बायकोचा हक्क आहे, तो द्यायचा असतो, हेच दीन सांगतो. तिने थट्टा केली ती तो न देणाऱ्यांची. आम्ही रागावलो, कारण आमच्या घरातल्या किती मेहर उधार आहेत हे आम्हाला माहीत होतं.

बाहेरच्यांच्या हातात पडेल, हा माझा मुद्दा होता. पण ब्रिटनमध्ये काय झालं बघा. शाझिया मिर्झा, बर्मिंगहॅमची, आधी विज्ञानाची शिक्षिका. २०१५ मध्ये लंडनच्या तीन शाळकरी मुली सीरियाला पळून गेल्या, तेव्हा तिने त्याच विषयावर शो केला. बाहेरच्यांचे गैरसमज आणि घरातलं मौन, दोन्हींना हात घातला. बिलाल झफरने ट्विटरवर थाप मारली की आपण फक्त मुस्लिमांसाठीचं केकचं दुकान चालवतो. लोक खरंच पेटले. त्यांच्या रागावरच त्याने 'केक्स' नावाचा शो केला आणि २०१६ मध्ये एडिंबराच्या नवोदितांच्या पुरस्कारासाठी त्याचं नामांकन झालं. यांच्यामुळे द्वेष थांबला असं मी म्हणत नाही. पण आमच्याबद्दल फक्त दुसरेच बोलतात, ही स्थिती तेवढी बदलली.

एडिंबरा म्हणजे स्वर्ग नाही, हेही सांगतो. ऑगस्टमध्ये तिथे खोलीचं भाडं ऐकून घाम फुटतो. कितीतरी कलाकार साठवलेले पैसे घालवून परत जातात. दार उघडं आहे, पण आत शिरायला खिसा लागतो. म्हणूनच १९९६ पासून तिथे मोफत शोंची चळवळही आहे: तिकीट नाही, शेवटी दारात बादली धरतात, ज्याला जे वाटेल ते टाकावं.

आणि हे सगळं परकं आहे असंही समजू नका. जत्रेत रात्रभर चालणारा तमाशा आठवा. गण, गवळण, बतावणी, वग. बतावणीत सोंगाड्या प्रेक्षकांची, पाटलाची, सावकाराची फिरकी घेतो. ही आपली मध्यरात्रीची मैफलच आहे. बार्शीचे मेहबूब पटेल शाहीर अमर शेख झाले आणि अण्णाभाऊ साठे, गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथकातून त्यांनी महाराष्ट्र हलवला. मराठी मंचावर आपण पाहुणे नाही. आणि १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने मुंबईत सात मुस्लिम बायकांनी तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला, तेव्हा त्यांना तरी कुणाचं निमंत्रण होतं?

म्हणून माझा प्रस्ताव साधा आहे. महिन्यातून एक संध्याकाळ. वाचनालयाचा हॉल, एक माइक, एक सूत्रधार. प्रत्येकाला पाच मिनिटं. कविता, नक्कल, गाणं, किस्सा, काहीही, मराठीत, उर्दूत, दखनीत. कोण येणार हे आधी कुणी तपासणार नाही. नियम तीन. एक, जो खोलीत उत्तर देऊ शकत नाही अशा दुबळ्याची टिंगल नको. दोन, आवडलं नाही तर हसू नका, किंवा पुढच्या महिन्यात येऊन उत्तर द्या. तीन, कुणाचाही व्हिडिओ त्याच्या परवानगीशिवाय बाहेर जाणार नाही. हा तिसरा नियम मी बहिणीच्या अनुभवातून घेतलाय.

आता तुम्ही विचाराल, बहिणीचं काय झालं. एडिंबराहून परतल्यावर मी तिच्याकडे गेलो आणि माफी मागितली. ती आता बँकेत आहे. म्हणाली, "भाई, आता सुचत नाही." मी गप्प बसलो. विनोदाची सवय एकदा मोडली की माफीने परत येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

या बैठकीबद्दल मी तिला सांगितलं. माइकवर यायला ती तयार नाही. पण प्रेक्षकांत बसेन म्हणाली, पहिल्या रांगेत. तिच्यासमोर कोण उभं राहणार, ते आता तुम्ही ठरवा. नावनोंदणीचा कागद मागच्या टेबलावर ठेवलाय. पहिलं नाव माझं आहे, त्यामुळे तुमच्याआधी पडणारा एक जण तर नक्की आहे.