रोहिणीकाठिण्य : उपचार आणि प्रतिबंध



हृदयापासून शरीराच्या सर्व भागांकडे रक्त वाहून नेणाऱ्या वाहिन्यांना रोहिणी म्हणतात. निरोगी रोहिणी लवचीक असते व तिचे अस्तर गुळगुळीत असते. हे अस्तर बिघडून भिंत जाड व ताठर होऊ लागली, म्हणजे रोहिणीकाठिण्य जडले असे समजावे. हा विकार म्हातारपणाचा अपरिहार्य भाग होय, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९५३ साली तिला मोठा धक्का बसला. कोरियाच्या युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांची हृदये तपासण्यात आली. त्यांचे सरासरी वय अवघे बावीस वर्षांचे होते. तरीही सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराच्या खुणा आढळल्या. याचा अर्थ असा की, विकाराचा आरंभ तारुण्यात होतो आणि लक्षणे मात्र कित्येक वर्षांनी दिसतात.

हा विकार घडतो कसा? रक्तातील कोलेस्टेरॉल अस्तराखाली झिरपते. त्याचे भक्षण करण्यास आलेल्या पांढऱ्या पेशी तेथेच फुगून अडकतात, दाह सुरू होतो व त्या ठिकाणी मेदाचा थर साचतो. गाळाने भरलेल्या नळाची उपमा या संदर्भात नेहमी दिली जाते. परंतु ती अपुरी आहे. थरावरील पातळ आवरण फाटले की तेथे रक्ताची गुठळी धरते आणि एरवी फारशी अरुंद न झालेली रोहिणीही काही मिनिटांत बंद पडू शकते. म्हणूनच काल हिंडताफिरता असलेला मनुष्य आज अकस्मात हृदयविकाराने कोसळतो.

अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुषांची दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध तिच्यातून स्पष्ट झाला. मधुमेहाची भर पुढे पडली.

आता उपचारांकडे वळू. १९६७ साली रेने फावालोरो यांनी क्लीव्हलंड येथे पायातील नीला वापरून हृद्‌रोहिणीतील अडथळ्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया केली. १९७७ साली झुरिक येथे आंद्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी बारीक फुग्याच्या साहाय्याने अरुंद हृद्‌रोहिणी रुंद केली. या दोन्ही उपायांनी असंख्य रुग्णांना दिलासा मिळाला. तथापि ते एका जागेचा अडथळा दूर करतात. विकार सर्व रोहिण्यांत शिल्लक राहतो. मूळ विकारावरील प्रभावी औषधाचा मार्ग जपानी शास्त्रज्ञ आकिरा एंडो यांनी दाखविला. हजारो बुरश्या तपासून १९७३ साली त्यांनी कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधले. त्यातूनच स्टॅटिन औषधांचा जन्म झाला. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील चाचणीत ४,४४४ हृद्‌रुग्णांपैकी निम्म्यांना असे औषध देण्यात आले. त्यांच्यातील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

आपल्या देशात हा विकार पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षे आधीच गाठतो. कुटुंबाचा पोशिंदा ऐन कर्तेपणात जातो. म्हणून प्रतिबंधाचे महत्त्व अधिक. तंबाखू कोणत्याही स्वरूपात वर्ज्य करावी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत असावे. वनस्पती तूप व पुनःपुन्हा तापविलेले तेल टाळावे. तेलातुपांतील घातक ट्रान्स मेदावर भारतात २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे. डाळी, भाज्या, फळे व शेंगदाण्यांसारखे तेलबीज आहारात असू द्यावे. आठवड्यातून किमान १५० मिनिटे झपाट्याने चालावे.

एक गोष्ट मात्र आवर्जून सांगितली पाहिजे. रक्तदाब वाढला तरी बहुधा काही दुखत नाही. म्हणून बरे वाटू लागताच पुष्कळजण गोळ्या बंद करतात. दुखत नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे. तिशीनंतर रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल अधूनमधून तपासून घ्यावे आणि डॉक्टरांना विचारल्यावाचून औषध सोडू नये. छातीत दडपण येऊन ते हाताकडे वा जबड्याकडे पसरले, तर अपचन समजून वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. पहिल्या काही तासांत रोहिणी मोकळी झाली, तर हृदयाचा बराच स्नायू वाचू शकतो.