उन्हाने भाजलेली कातडी

मे महिना लागला की गोमंतकात खाऱ्या पाण्याच्या स्नानासाठी कुटुंबेच्या कुटुंबे समुद्रावर लोटतात. दुखऱ्या सांध्यांना ते मानवते, अशी जुनी श्रद्धा आहे. तिचा निवाडा आज करावयाचा नाही. मुले मात्र दुपारपर्यंत पाण्याबाहेर येत नाहीत आणि रात्री अंगाला सदराही लागू देत नाहीत. दिवसभर वारा होता, पाणी गार होते. मग पाठ भाजली कशाने, असा प्रश्न घरच्यांना पडतो.

ती उन्हाच्या उष्णतेने नव्हे, अतिनील किरणांनी भाजते, आणि हे किरण अंगाला जाणवत नाहीत. वारा उष्णता हरण करतो. किरणांना अडवीत नाही. अर्धा मीटर खोल पाण्यातही त्यांचे सुमारे ४० टक्के बळ शिल्लक असते. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के किरण उलट अंगावर फेकते, ते वेगळेच. शिवाय दाह काही तासांनंतर सुरू होतो व १२ ते २४ तासांत शिगेला पोहोचतो. सावळ्या वर्णावर लाली चटकन दिसत नाही. हात ठेवून ऊब पाहावी.

यावर पहिला उपाय विहिरीचे गार पाणी. मऊ पंचा भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे ठेवावा आणि दिवसातून अनेकदा तसेच करावे. बर्फ मात्र लावू नये. भाजलेल्या कातडीस त्याने नवीच इजा होते. कोरफडीचा गर आराम देतो, पण पान कापल्यावर उभे धरून पिवळा चीक निथळू द्यावा व गर धुऊन घ्यावा, कारण तो चीक झोंबतो. आधी थोड्याशा जागी लावून पाहावे. ताकाच्या घड्यांची ख्याती पुष्कळ आहे. माझ्या मते त्यांतला गुण गारव्याचा, आणि तो पाण्याने फुकट मिळतो.

भिरंडेल, म्हणजे कोकमाचे तेल, टाचांच्या भेगांसाठी आपल्याकडे परिचयाचे आहे. परंतु ऊन कातडीवर कोणताही तेलकट थर उष्णता कोंडून ठेवतो, मग ते साजूक तूप का असेना! दाह पूर्ण शमून कातडी कोरडी पडली, की भिरंडेल हलक्या हाताने लावण्यास हरकत नाही. लिंबू मात्र कदापि नको. त्याचा रस अंगावर असताना पुन्हा ऊन लागले, तर फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

पाणी नेहमीपेक्षा अधिक प्यावे. सुटणारी साले ओढू नयेत. फोड आल्यास फोडू नयेत. मोठे फोड, ताप, हुडहुडी किंवा वांत्या ही लक्षणे दिसली, अथवा तान्हे मूल भाजले, तर घरगुती उपचारांत वेळ न दवडता डॉक्टर गाठावा. माणूस बरळू लागला किंवा गुंगला, तर तो उष्माघात असू शकतो. तेथे क्षणाचाही विलंब नको.

कातडी बरी होईपर्यंत मुलांना उन्हात नेऊ नये. पुढच्या खेपेस स्नान सकाळी लवकर उरकावे, आणि मुलांच्या अंगात पाण्यातही सदरा असू द्यावा.