एफ-वन दाबल्यावर

मी कवितेचा माणूस. संगणकावर बोलायला मला बोलावलंय म्हटल्यावर घरात सगळे हसले. बी.ए.ला असताना टंकलेखनाच्या क्लासला गेलो होतो, एवढीच माझी यंत्रविद्या. पण गेली काही वर्षं मी कविता बोटांनी लिहितो आणि कानांनी वाचतो. त्या वाटेवर मला पहिली ठेच कुठं लागली, ते आज सांगतो.

2019 च्या पावसाळ्यात माझ्या नजरेच्या मधोमध एक धुरकट डाग बसला. साखरेच्या आजारानं डोळ्याचा पडदा दुखावला होता. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे पाहावं तेच नेमकं पुसलं जायचं. समोरच्या माणसाचे कान दिसत, चेहरा दिसत नसे. संगणकावरचा माऊसचा बाण तर गवतात सुई हरवावी तसा हरवायचा. जळगावात उपचार झाले, डाग तेवढ्यावर थांबला. गेला मात्र नाही.

धुळ्याला माझ्या बहिणीचा मुलगा असतो. तो म्हणाला, ‘मामू, माऊस सोडा. सगळं कीबोर्डवर होतं.’ एरंडोल, पारोळा करत एसटीनं धुळ्याला गेलो आणि चार दिवस राहिलो. त्यानं माझ्या लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर घातला. पडद्यावर जे असेल ते तो बोलून दाखवतो. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणानं 2006 मध्ये तो लिहायला घेतला आणि पुढं जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. तो विनामूल्य मिळतो. डोळस माणसाला पडदा पाहायचे वेगळे पैसे पडत नाहीत, मग अंधाला का पडावेत, हा त्यामागचा विचार.

जळगावला परतलो आणि एका रात्री एकटाच लिहायला बसलो. सॉफ्टवेअर जुनं होतं. नव्या कवितेच्या अकरा ओळी झाल्या होत्या. दोन कडव्यांमधलं अंतर कसं वाढवायचं ते आठवेना, म्हणून एफ-वन दाबलं. मदतीचं पुस्तक उघडलं. अशा जुन्या मदत-पुस्तकांत डावीकडं अनुक्रमणिका आणि उजवीकडं मजकूर असतो. मी बाण वर-खाली करत होतो, तर नुसती प्रकरणांची नावं ऐकू यायची. मजकूर काही हाती लागेना. टॅब दाबलं, एस्केप दाबलं, सुचेल ते दाबलं. शेवटी वैतागून लॅपटॉपचं बटण दाबून धरलं आणि तो बंदच केला. कविता साठवलेली नव्हती. अकरांपैकी चार ओळी नंतर आठवल्या. सात आजवर आठवलेल्या नाहीत.

सकाळी भाच्याला फोन केला. तो हसला नाही. म्हणाला, ‘मामू, एफ-सिक्स दाबायचं. अनुक्रमणिकेतून मजकुरात जायला एफ-सिक्स, परत यायलाही तेच.’

मी विचारलं, ‘पण बेटा, हे लिहिलंय कुठं?’

‘त्याच पुस्तकात. आत.’

म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली घरात! पुस्तक वाचायचं कसं ते पुस्तकात लिहिलेलं, आणि ते वाचता आल्याशिवाय कळणार नाही. डोळस माणसाला ही अडचण कधी जाणवत नाही, कारण तो मजकुरावर माऊस टेकवतो आणि मोकळा होतो.

मग फोनवरच माझी शिकवणी सुरू झाली. अनुक्रमणिकेत उजवा बाण दाबला की प्रकरण उघडतं, डावा दाबला की मिटतं. एन्टर दाबलं की पान समोर येतं. ऑल्ट धरून डावा बाण दाबला की मागचं पान. एनव्हीडीएमध्ये तर एक फार माणुसकीची सोय आहे. इन्सर्ट धरून एक आकडा दाबा, मग कोणतीही कळ दाबली तरी काहीच बिघडत नाही. ती कळ फक्त आपलं नाव आणि काम सांगते. चाचपडणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही.

त्याचं स्वतःचं मार्गदर्शक पुस्तक वेबपानासारखं आहे. तिथं एच दाबलं की पुढचं शीर्षक, शिफ्टसह एच दाबलं की मागचं. हे शिकताना मला लहानपणीचे आमच्या मोहल्ल्यातले हाफिजसाहेब आठवले. त्यांना दिसत नसे. पण कुराणाचे तीस पारे आणि 114 सूरा त्यांच्या मनात अशा लावलेल्या होत्या, की कुठलाही शब्द विचारा, ते थेट त्या जागी पोचत. शीर्षकं नीट असली तर डोळ्यांवाचूनही पुस्तकात फिरता येतं.

आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. 1951 मध्ये त्या गेल्या आणि 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली. तोवर ती ओठांवर आणि कानांतच होती, आणि सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी टिपून ठेवली म्हणून आपल्याला मिळाली. माझ्या सात ओळी टिपायला त्या रात्री कुणी नव्हतं.

माझ्यासारखं अडकण्याला जाणकार लोक ‘कीबोर्डचा सापळा’ म्हणतात. वेबपानांसाठीच्या 2008 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट सांगितलंय, की कीबोर्डनं जिथं शिरता येतं तिथून कीबोर्डनंच बाहेरही पडता आलं पाहिजे, आणि त्यासाठी वेगळी कळ लागत असेल तर ती आधी सांगितली पाहिजे. आपल्याकडं 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावं असं सांगतो. एवढं असूनही नुसतं ‘बटण, बटण, बटण’ असं बोलणारी पानं मला आजही भेटतात. कोणतं बटण कशाचं, ते बनवणाऱ्यानं लिहिलेलंच नसतं.

जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांत संगणक शिकणारी मुलं-मुली हे ऐकत असतील, तर त्यांना या मामूची एक विनंती. तुम्ही उद्या सॉफ्टवेअर लिहाल, त्याचं मदतीचं पुस्तकही लिहाल. ते लोकांच्या हाती देण्याआधी एकदा माऊस काढून ठेवा, पडदा झाका आणि आपल्याच पुस्तकातलं एक पान शोधून पाहा. पोचलात तर आम्हीही पोचू. आणि बाहेर पडायची कळ पहिल्याच ओळीत सांगा.

माझा नवा संग्रह मी असाच, ऐकत ऐकत तपासला. वेलांटी पहिली की दुसरी ते नुसत्या कानाला कळत नाही, तिथं भाच्याचे डोळे उसने घेतले. पण शब्द माझ्या हातांनी बसवले. आता दर दोन ओळींनंतर बोटं आपोआप कंट्रोल-एसकडे जातात. तेवढं त्या सात ओळींनी शिकवलं.