इसब आणि खरूज

तीस वर्षांपूर्वीं माझ्या हातून एका मुलावर अन्याय झाला. आजच्या विषयास त्याच्यापासूनच आरंभ करतों. परभणी जिल्ह्यांतील एका खेड्यांत मी शिक्षक होतों. वर्गांतील एका आठ वर्षांच्या मुलाच्या कोपरांच्या व गुडघ्यांच्या लवणींत कातडी लाल होऊन फुटे. तो सदोदित खाजवी. इतर पालकांनीं 'खरूज आहे, लागेल' असा ओरडा केला आणि मीं त्यास दाराजवळ निराळें बसविलें. दिवाळीनंतर तो शाळेंत आला नाहीं.

ती खरूज नव्हती, तो इसब होता. खरूज सूक्ष्म किड्यामुळें होते व एकाची दुसऱ्यास जडते. इसब जडत नाहीं. अशा मुलाची कातडी ओलावा धरून ठेवण्यास मुळांतच दुबळी असते. पुष्कळदां घराण्यांत कोणास दमाही असतो. कोरडेपणानें खाज सुटते, खाजविल्यानें कातडी फुटते आणि फुटलेली कातडी अधिकच खाजते. म्हणून औषधाआधीं स्निग्धता. कोमट पाण्यानें थोडक्यांत स्नान घालावें, साबण सौम्य असावा, अंग न घासतां टिपावें आणि तें ओलसर आहे तोंच व्हॅसलिन लावावें. बरें वाटत असलें तरीही. नखें कापावींत. थंडींत घोंगडी अंगास थेट लागूं देऊं नये. रोग भडकल्यास डॉक्टर स्टेरॉईडचें मलम देतात. तें ते सांगतील तितकेच दिवस लावावें. दुकानांतून आपल्याच मनानें आणलेलीं मिश्र मलमें फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते, आणि मुळांत गजकर्ण असेल तर तें पसरतें.

प्रौढांचा इसब पुष्कळदां बाहेरून येतो. गाजरगवताची आपल्याकडे 1955 च्या सुमारास पुण्यास नोंद झाली. आतां तें आमच्या बांधाबांधांवर आहे. त्यांतील पार्थेनिन हें द्रव्य कित्येकांच्या कातडीस सोसत नाहीं. वाळलेल्या गवताची धूळ वाऱ्यानें येऊन पापण्यांवर व मानेवर बसते. गवतास हात लावावयासच पाहिजे असें नाहीं.

निवृत्तीनंतर बांध साफ करतांना मलाच तें बाधलें. डोळे सुजले, मान काळवंडली. चहाच्या दुकानांत माझा पेला बाजूस ठेवला गेला, तेव्हां दाराजवळचा तो मुलगा आठवला.

हें गवत फुलण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातमोजे व पूर्ण बाह्या घालून मुळासकट उपटावें. ज्यास एकदां बाधलें त्यानें मात्र तेथें जाऊं नये. माझा बांध आतां पुतण्या साफ करतो, आणि घरीं येतांच मी त्यास आधीं कपडे बदलून आंघोळीस धाडतों.